रान

राजारामपुरीत, खाली झेरॉक्स, वर जपानीचा वर्ग.
मंगळवारी मिणचेकर बाईंनी फळ्यावर एक अक्षर काढलं,
सात रेघांचं.
"रान," त्या म्हणाल्या. "अर्थ : गोंधळ, अव्यवस्था, बंड."
मागच्या बाकावर कुणीतरी फिस्सकन हसलं.
आमच्यात निम्म्यांची रानं आहेत,
एकाचं तर परवाच ऊस जाऊन मोकळं झालेलं.

चिनी लोक ह्यालाच ल्वान म्हणतात,
सूर वरून खाली आपटत, पोराला दटावल्यासारखा.
जपान्यांनी अक्षर घेतलं, आवाज घेतला जमेल तसा,
आणि त्यावर घरचा जुना शब्द पांघरला :
मिदारेरु, आपोआप विस्कटतं.
मिदासु, कुणीतरी विस्कटवतं.
दोन्ही मी वहीत उतरवले, शेजारी शेजारी.

बुधवारी शिरोलीला, फौंड्रीत,
निशिगाकी साहेब फेटलिंगच्या खात्यात थांबले.
कास्टिंगचे ढीग, सांडलेली वाळू,
पॅटर्नवर कुणाचातरी भाकरीचा डबा.
हळू आवाजात म्हणाले, मिदारेते इमास ने.
ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं.
धोंडिराम खोत माझ्या तोंडाकडं बघत :
"काय म्हणत्यात?"
मला कालचाच शब्द तेवढा आठवला.
"म्हणत्यात, रान झालंय."
खोत खूश. "मग! रान हाय म्हणून तर पोटाला हाय."
आता हे परत जपानीत कुठून नेऊ?
साहेबांना सांगितलं, उद्यापर्यंत आवरतील.
दोघंही मान हलवून आपापल्या वाटेनं गेले.
कुणी विस्कटवलं, हे कुणी विचारलं नाही.
आमच्या खात्यात सगळं आपोआपच होतं.

शुक्रवारी बाईंनी त्याच अक्षराचं जुनं रूप काढलं.
तेरा रेघा.
वर एक हात. खाली एक हात.
मधे चौकट, तिच्यावर गुंतलेलं सूत.
"फार पूर्वी गुंत्यालाही हेच अक्षर होतं," बाई म्हणाल्या,
"आणि गुंता सोडवण्यालाही."

मला खडूचा वास येईना, खळीचा यायला लागला.
इचलकरंजी, बायाक्का आत्तीची पडवी,
शेजारच्या शेडातले माग खडखडत असलेले,
आणि तिनं माझे दोन्ही हात पुढं घेऊन
त्यांवर चढवलेली सुताची लड.
मी चौकट होते.
मनगट खाजलं तरी हलायचं नाही.
टोक सापडेपर्यंत ती बोलायची नाही,
सापडलं की दातात धरायची, मग तर नाहीच.
मी एकदा कात्री आणून दिली.
"तोडलं की गाठ येती," म्हणाली,
"गाठ आली की कापडात दिसती."
कांड्या भरून तिनं माझी फी भरली.
लोक म्हणायचे, बायाक्कानं जिवाचं रान केलं.

मग हे हात गेले कुठं, मी विचारलं.
बाईंनी सात रेघांचं अक्षर पुन्हा काढलं,
डाव्या बाजूला बोट ठेवलं.
भराभर लिहिताना हात पुसट झाले,
त्या जागी आता जीभ आहे, बाजूला एक आकडा.
जीभ. तिच्यावर माझा पगार.

रात्री आत्तीला फोन केला.
तिची बोटं आता मिटत नाहीत,
फोन मांडीवर ठेवून ती वरून बोलते, ओरडून.
"काय शिकीवलं आज?"
"रान."
"ते काय शिकायचं असतंय व्हय?"
आणि शेजारणीला सांगितलेलं ऐकू आलं,
पोरगी जपानात शेती शिकतीया म्हणून.
मी दुरुस्त केलं नाही.

परीक्षेला सात रेघांचंच येतं.
मी तेराचं काढत बसते.
खालच्या हातापाशी दरवेळी चुकते, पुसते,
परत काढते.
त्या जागी कागदाचं आता सूत निघालंय.